बोट घेताय? आधी वाजवून बघा!

कुरकुंभला समुद्र नाही. पुणे-सोलापूर हायवे आहे, एमआयडीसी आहे, फिरंगाई देवीचं देऊळ आहे आणि वारा फिरला की नाकाला लगेच कळणारी तऱ्हेतऱ्हेची केमिकल्स आहेत. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या पोरांनी बोट घ्यायची ठरवली, तर लोक हसणारच. हसले!

आणि बोट म्हणजे साधीसुधी नाही हं. केबिन क्रूझर. म्हणजे जिच्या पोटात झोपायला गाद्या, एक टेबल, चहापुरतं किचन आणि चक्क टॉयलेट असतं, अशी मोटरबोट. शुक्रवारी संध्याकाळी पंच आउट केलं, की सरळ पाण्यावर. ना हॉटेलचं बुकिंग, ना लोणावळ्याचं ट्रॅफिक. काय भन्नाट कल्पना!

आम्ही चौघं. मी मेंटेनन्समधला. एक मित्र प्रॉडक्शनवाला, एक मैत्रीण क्यूसीवाली आणि चौथा पुण्यातला आयटीवाला. ही आयडिया अर्थातच त्याची! मुंबईत एक सेकंडहॅण्ड क्रूझर विकायला होती. २६ फूट, परदेशी बनावटीची, वय वर्षं १८, किंमत १४ लाख. चौघांत भागिले केलं तर प्रत्येकी साडेतीन लाख. 'अरे, एवढ्यात तर धड गाडीही येत नाही,' असं आयटीवाला म्हणाला आणि आम्हाला ते पटलं. आता कबूल करतो, माझे साडेतीन लाख फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातले होते. बायकोला सांगितलं नव्हतं. सरप्राइज देणार होतो ना!

पहिल्या भेटीतलं प्रेम

मे महिन्यात बघायला गेलो. पांढरीशुभ्र बोट, निळे पट्टे, चकाचक कुशन्स. केबिनमध्ये लिंबाच्या सुवासाचा एअर फ्रेशनर. इंजिन सुरूच होतं. 'तुमच्यासाठी तयार ठेवलंय,' विकणारे म्हणाले. आम्ही खूश. अर्धा तास चक्कर मारली, वारा खाल्ला, फोटो काढले. केबिनच्या मागे, कॉकपिटच्या खाली एक छोटीशी झोपायची जागा होती, गुहेसारखी. माझी पाच वर्षांची मुलगी इथे झोपणार, हे मी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

परत आल्यावर एक लाखाचा टोकन द्यायचा विषय निघाला. प्रॉडक्शनवाल्याने मोबाईल बाहेर काढलासुद्धा. तेवढ्यात क्यूसीवाली म्हणाली, "सॅम्पल न तपासता?"

तिच्या त्या तीन शब्दांनी आमचे चौदा लाख वाचवले. कसे, ते सांगतो. कारण तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात हा किडा असणारच. अलिबागला जाताना गेटवेसमोर उभ्या असलेल्या बोटी बघून तो हमखास वळवळतो!

फंडा नंबर १ : बोट पाण्याबाहेर बघा

तरंगणाऱ्या बोटीचा फक्त मेकअप दिसतो. तिचं खरं रूप पाण्याखाली असतं. मुंबईत पावसाळा आला की हौशी बोटी पाण्याबाहेर काढून यार्डात ठोकळ्यांवर चढवतात. जून ते सप्टेंबर हाच बघण्याचा उत्तम सीझन. इतर वेळी बघायची असेल, तर बोट वर काढण्याचा क्रेनचा खर्च तुम्ही द्या, पण वर काढाच.

आम्ही जुलैत पुन्हा गेलो. या वेळी सोबत होते आमच्या कंपनीत एफआरपीचं काम करणारे मामा. आमच्या दौंड तालुक्यात एफआरपी म्हटलं की लोकांना उसाचा भाव आठवतो. आमच्या प्लॅण्टमध्ये मात्र एफआरपी म्हणजे फायबर आणि रेझिनची ॲसिडची टाकी. गंमत म्हणजे क्रूझरही त्याच मटेरियलची असते! मामांनी आयुष्यात बोट बघितली ती भिगवणची मच्छीमारांची. पण फायबर कुठे सडतं, हे त्यांना हाताने कळतं.

त्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली, खिशातून छोटा प्लॅस्टिकचा हातोडा काढला आणि म्हणाले, "मडकं घेताना आपण वाजवतो, कलिंगड घेताना वाजवतो, अन् चौदा लाखाची बोट नुसती बघून घ्यायची व्हय?"

फंडा नंबर २ : टण् की थब्ब?

चांगलं फायबर टणटणीत वाजतं. आतले थर सुटलेले असले किंवा आतलं लाकूड कुजलेलं असलं, तर आवाज मेलेला येतो. हो, लाकूड! बहुतेक फायबर बोटींच्या डेकच्या आत बाल्सा किंवा प्लायवूड असतं. मागची उभी भिंत, जिला ट्रान्सम म्हणतात आणि जिच्यावर इंजिनाचा सगळा जोर येतो, तीही जुन्या बोटींमध्ये प्लायवूडवर फायबर चढवूनच केलेली असते. शिडी, रेलिंग, हूक बसवताना पाडलेल्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत झिरपतं आणि बाहेरून काहीही न दिसता आतला प्लाय कुजत जातो.

मामा पुढून मागे वाजवत गेले. टण्, टण्, टण्... ट्रान्समपाशी आले आणि, थब्ब. पुन्हा थब्ब. शिडीचा एक स्क्रू मालकांच्या परवानगीने सैल केला, तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं. बोट यार्डात चढवून महिना झाला होता तरीही!

तळाला हात फिरवताना फोड लागतात का बघा. बाहेरच्या चकचकीत थरातून, म्हणजे जेलकोटमधून, वर्षानुवर्षं पाणी आत शिरतं, रेझिनमधल्या घटकांशी त्याची प्रक्रिया होते आणि आत आंबट द्रव साठून फोड येतात. हाच तो ऑस्मोसिस. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. आमच्या टाक्यांमध्येही हेच होतं, म्हणून ॲसिडसाठी साध्या रेझिनऐवजी व्हिनाइल एस्टर वापरतात. पाच-दहा बारीक फोड असतील तर घाबरू नका, दुरुस्ती होते. पण तळभर पुरळ असेल तर राम राम. सगळा जेलकोट सोलायचा, महिनोन् महिने वाळवायचा आणि नव्याने चढवायचा खर्च कधी कधी बोटीच्या किमतीला भिडतो.

पाण्याखालच्या धातूंवर झिंकचे ठोकळे बसवलेले असतात. इतर धातू गंजू नयेत म्हणून हे ठोकळे स्वतः झिजतात. अर्धे झिजलेले दिसले तर उत्तम, म्हणजे ते काम करताहेत. पार संपलेले असतील तर मालकाचं लक्ष नाही. आणि तळातून आरपार जाणाऱ्या पाइपांचे कॉक हाताने फिरवून बघा. फिरत नसतील, किंवा पितळ गुलाबी पडलेलं असेल, तर त्यातलं जस्त निघून गेलंय. असा कॉक एक दिवस हातात येतो आणि समुद्र आत!

फंडा नंबर ३ : इंजिन गार असताना पोचा

मे महिन्यात आमच्यासाठी 'तयार ठेवलेलं' इंजिन आठवतंय? ती चलाखी होती. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. आधीच सांगून ठेवा, 'आम्ही येईपर्यंत चावी लावू नका.' पोचल्यावर पहिल्यांदा ब्लॉकला हात लावा. गार लागलं तरच पुढचं बोला. यार्डात सुरू करताना पाण्याचा पाइप जोडायला विसरू नका. नाहीतर पंपातला रबरी इम्पेलर क्षणात जळतो आणि भांडण तुमच्या गळ्यात.

धूर बघा. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर पाणी नको तिथे जातंय. डिपस्टिकवरचं किंवा गिअरमधलं तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर तेलात पाणी मिसळलंय. विषय संपला.

'फक्त ३०० तास चाललंय हो!' हे ऐकून हुरळू नका. हौशी बोट वर्षाला पन्नास ते शंभर तास चालते. अठरा वर्षांत तीनशे तास म्हणजे हे इंजिन चाललंय कमी आणि खाऱ्या हवेत गंजलंय जास्त. न वापरलेल्या इंजिनापेक्षा नियमित चाललेलं आणि सर्व्हिसिंगची वही असलेलं इंजिन केव्हाही बरं. पेट्रोल इंजिन असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कधी बदलले, ते बिलासकट विचारा. खाऱ्या पाण्याने गार होणारे मॅनिफोल्ड आतून खातात, म्हणून काही वर्षांनी बदलावेच लागतात. इंजिनाचा पाय ट्रान्समच्या बाहेर असेल, तर त्याच्या रबरी घड्या, म्हणजे बेलोज, ताणून बघा. तडा दिसला तर तिथूनच पाणी आत येणार.

फंडा नंबर ४ : तिच्या पोटात डोकं घाला

फरशीच्या फळ्या उचलून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळघरात, टॉर्च मारा. तिथे नवा कोरा रंग दिसला तर खूश होऊ नका. काय झाकलंय, ते विचारा. पंपाचा फ्लोट हाताने वर करा, पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. वायरिंग बघा. कुणीतरी घरातलीच वायर ओढून ठेवलेली असते आणि तांबं हिरवं पडलेलं असतं. आमच्या बोटीत होतं.

एअर फ्रेशनर नसताना केबिनला पावसाळ्यातल्या ओल्या गोधडीचा वास येत होता. तोही चालला असता. पण मागच्या बाजूला, इंजिनाच्या भिंतीजवळ, पेट्रोलचा वास होता.

मी आठ वर्षं सॉल्व्हण्टच्या प्लॅण्टमध्ये काम करतोय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बिल्जमध्ये उतरून बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. म्हणून तर पेट्रोल बोटीला ब्लोअर असतो आणि चावी लावण्याआधी तो निदान चार मिनिटं चालवायचा असतो. मी स्विच दाबला. ब्लोअर मुका. टॉर्च घेऊन आत सरकलो तर एक्झॉस्टच्या रबरी पाइपला चीर होती आणि आजूबाजूला काजळीचा पट्टा. म्हणजे इंजिन चालू असताना धूर आत येत होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस झोपेतच जातो.

आणि ती चीर कुठे होती? त्या गुहेसारख्या झोपायच्या जागेला लागून. जिथे मी माझ्या मुलीला झोपवणार होतो.

मी बाहेर येऊन जमिनीवर बसलो. मामांनी न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

तळ्यात की मळ्यात?

समजा, बोट उत्तम निघाली असती. ठेवणार कुठे? मुंबईत ठेवली तर कुरकुंभहून चार-पाच तास गाडी हाणायची. म्हणून आमचा डोळा उजनीवर होता. भिगवणचं बॅकवॉटर आमच्यापासून अर्ध्या तासावर. पण आधी बोट तिथवर आली तर पाहिजे! आपल्याकडे रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. त्याहून रुंद माल म्हणजे ओडीसी, त्याला वेगळी परवानगी. आमच्या कंपनीत रिॲक्टर येतात तसे. त्यामुळे बोटीची लांबी विचारता तशी रुंदीही विचारा. साडेआठ फूट ही साधारण सीमारेषा.

आणि उजनीचं पाणी? धरण १९८० चं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात साठा 'उणे' होतो. २०२४ च्या जूनमध्ये तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. जिथे दिवाळीत बोट बांधाल, तिथे मे महिन्यात चिखल. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं, हे तुम्ही फोटोत बघितलंच असेल. आता विचार करा, पाणी मंदिराच्या कळसापेक्षा फूटभरच वर असेल आणि तुमच्या बोटीचा पंखा तीन फूट खाली! भिंती, बाभळीचे बुंधे, मच्छीमारांची जाळी, सगळं खाली आहेच. झिंकचे ठोकळेही गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, तिथे मॅग्नेशियमचे लागतात.

धरणाचं पाणी शांत असतं, हाही एक गैरसमज. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी या मार्गावर उजनीतच वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. हे आमच्या भागातलं दुःख आहे. त्यामुळे लाइफ जॅकेट हा 'ऑप्शनल एक्स्ट्रा' नाही. माणशी एक, आणि मुलांसाठी मुलांच्या मापाचं.

कागद, कागद आणि कागद

अंतर्गत जलमार्गांवरच्या बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलॅण्ड व्हेसल्स ॲक्ट आला. यांत्रिक बोटीला नोंदणी, सर्व्हे सर्टिफिकेट आणि विमा लागतो, चालवणाऱ्याला सक्षमतेचा दाखला लागतो. महाराष्ट्रात या कामासाठी गाठायचं ते महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड. धरणात उतरवायची असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी विचारा, बोट घेतल्यावर नाही. विकणाऱ्याकडून नोंदणीचे मूळ कागद, आधीच्या खरेदीखतांची साखळी, इम्पोर्टेड असेल तर कस्टम्स भरल्याची पावती, कर्ज फिटल्याचा दाखला आणि जागाभाडं थकलेलं नसल्याचं पत्र मागा. ट्रान्समवर कोरलेला हल नंबर आणि इंजिनाचा नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा.

टोकन द्यायचाच असेल तर 'मरीन सर्व्हेयरचा रिपोर्ट समाधानकारक आल्यास' ही अट लेखी घाला. मामा ग्रेटच, पण सर्व्हेयर हवाच. जुन्या बोटीचा विमा काढताना त्याचा रिपोर्ट मागतात.

आता पोटात गोळा आणणारा हिशेब. अशा पेट्रोल बोटीला वेगात जाताना तासाला ४०-५० लिटर सहज लागतं. लिटर शंभराच्या वर. म्हणजे एका तासाच्या सैरेला पाच हजार! शिवाय जागाभाडं, क्रेन, तळाचा रंग, विमा. बोटवाल्यांचा ढोबळ नियम असा, की दरवर्षी किमतीच्या १० टक्के बाजूला ठेवा. जुन्या बोटीला त्याहून जास्तच.

मग घेतली का?

आमचे चेहरे बघून मालकांनी किंमत उतरवली. चौदाचे बारा, बाराचे नऊ. नऊ लाखांत क्रूझर! आयटीवाला पुन्हा विरघळला. "दुरुस्त करून घेऊ यार," तो म्हणाला. खरं सांगतो, मलाही क्षणभर मोह झाला.

क्यूसीवाली म्हणाली, "बॅच फेल म्हणजे फेल. स्वस्त आहे म्हणून आपण पास करतो का?"

आम्ही आभार मानले आणि निघालो. त्या चिरेबद्दल आणि ब्लोअरबद्दल मालकांना स्पष्ट सांगून निघालो, कारण आमच्यानंतर कुणीतरी येणारच होतं, त्याचंही लेकरू असू शकतं. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती साडेतीन लाखांबद्दल दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुढच्या वेळी मामांना आधी घेऊन जा. आणि मला त्यांच्याही आधी."

शोध संपलेला नाही. या पावसाळ्यात आणखी दोन बोटी बघायच्या आहेत. तोवर थंडीतल्या रविवारी आम्ही भिगवणला जातो, तिथल्या मच्छीमाराच्या बोटीतून फ्लेमिंगो बघतो आणि माणशी भाडं देऊन खुशाल घरी येतो. बोटीत चढण्याआधी माझी मुलगी कडेवर दोन टिचक्या मारते. मामांनी शिकवलंय तिला.

जाण्याआधी पिशवीत काय टाकाल?
• छोटा प्लॅस्टिकचा हातोडा, टॉर्च आणि जुने कपडे. बिल्जमध्ये शिरायचंय!
• पांढरा कागद. त्यावर तेलाचा थेंब टाका, पाणी मिसळलेलं लगेच कळतं.
• ओलावा मोजायचा मीटर मिळाला तर उत्तम.
• फायबर किंवा इंजिन कळणारा एक अनुभवी माणूस.
• 'नाही' म्हणू शकणारा एक मित्र किंवा मैत्रीण. हे सगळ्यात महत्त्वाचं!
• चेकबुक? ते घरी ठेवा.